गेन्सबरोच्या भिंतीशी एक पेला

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. जूनमध्ये जे घडणार आहे त्याची नोंद कुणीतरी नीट ठेवायला हवी, आणि आमच्या बोट क्लबात नीट असं काही ठेवणारा मी एकटाच.

सभा झाली. यंदा कालव्यातून बाहेर पडायचं ठरलं. पाच बोटी. टॉर्कसीच्या लॉकमधून (दरवाजे लावून पाणी चढवायची-उतरवायची कुंडी) ट्रेंट नदीत उतरायचं आणि ओहोटीच्या पाण्यावर स्वार होऊन खाली स्टॉकविथ गाठायचं. कालवा म्हणजे पाळलेलं पाणी, ठेवाल तिथे राहतं. ट्रेंट तशी नाही. तिच्यात समुद्र दिवसातून दोनदा आत येतो आणि दोनदा निघून जातो. आमच्या बोटी साठ फूट लांब, सात फूट रुंद, तळ सपाट. पाण्यावर ठेवलेल्या पेन्सिली. तेव्हा कमोडोर, म्हणजे क्लबचे प्रमुख, म्हणाले, पुढे कुणीतरी माहितगार माणूस पाहिजे.

सगळी सभा माझ्याकडे वळली. मागून कुणीतरी म्हणालं, सेड्रिक ब्लेंकिन आहे की, तो तर दर शुक्रवारी बारमध्ये ट्रेंट करतो. हशा. (प्रेमाचा.) मी नाइलाजाने उभा राहिलो. एकमताने लीडर.

विल्फ टॅपलिन तेवढा गप्प होता. निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर लिंकनमध्ये एकाच रस्त्याने गेला आणि आला. मत्सराने माणूस मुका होतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. ताफा पोचेल त्याच संध्याकाळी स्टॉकविथला नवा कमोडोर निवडायचा आहे. जुन्यांचे गुडघे गेले. ताफा सुखरूप नेणाऱ्याला कोण नाही म्हणेल? पांढरी टोपी. पितळी घंटा. बारा वर्षं वाट पाहतोय.

कमोडोर झाल्यावर पहिला हुकूम : 'वाकडी किल्ली' बंद. लॉकमधलं पाणी सोडायची एक लोखंडी किल्ली कुणीतरी कधीकाळी वाकवली, ती फळीवर ठोकलीय. वर्षातला सगळ्यात मोठा घोळ घालणाऱ्याला दर हिवाळ्यात वाजतगाजत देतात. त्याने ती वर्षभर घरात लावायची. खाली पितळी पट्ट्यांवर नावं आहेत, इतकी काळवंडलेली की वाचता येत नाहीत. गेल्या वर्षीच्या मानकऱ्याची बायको ती घरात घेईना, म्हणून क्लबमध्येच कोटांच्या मागे टांगलीय. माझं नाव तिच्यावर नाही. असण्याचा संभवही नाही.

५ मार्च, बुधवार

ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे, म्हणून एक तांत्रिक खुलासा करून ठेवतो.

१९७६ साली मी ट्रेंट केली असं मी सांगतो. ते खरंच आहे. फक्त मी बोटीत नव्हतो. गेन्सबरोच्या पुलावर होतो. माझी गालिचे पोचवायची व्हॅन पंक्चर झाली होती. खाली जुन्या धक्क्याच्या भिंतीला एक बोट बांधलेली, तिच्या टपावर एक दाढीवाला तरुण बसलेला, हातात बिअरचा पेला, तोंडावर जणू नदी त्याच्या सासऱ्याची. मी अकरा मिनिटं बघत होतो. मग चाक बसलं आणि निघालो.

पुढे शुक्रवारी शुक्रवारी सांगता सांगता तो तरुण कधी मी झालो, कळलं नाही. यात खोटं काही नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. बहुधा जास्त चांगलं.

माझ्या बायकोला, ऑड्रीला, सगळं माहीत आहे. ती म्हणाली, शहात्तर साली तू मला बागेतल्या तळ्यात होडीतून फिरवलं होतंस, आणि रखवालदाराने आकडा टाकून आपल्याला बेटावरून ओढून काढलं होतं. मी म्हणालो, ते तळं होतं. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

१६ मार्च, रविवार

अभ्यासाला सुरुवात. नदीचा नकाशा आणला, भरती-ओहोटीचं पुस्तक आणलं. पहिलं पान वाचलं. पाणी येतं, पाणी जातं. एवढ्यासाठी शंभर पानं! हातगाडीवर गालिच्यांचे तुकडे विकण्यापासून तीन दुकानांपर्यंत आलो ते पुस्तकं वाचून नाही. गालिचा पसरतो, गालिचा गुंडाळतो. ओहोटी यापेक्षा वेगळी काय असणार?

उरलेली पानं रोज दहा. नियमितपणे. उद्यापासून.

६ एप्रिल, रविवार

पुस्तक कुठे ठेवलंय ते सापडत नाही.

त्याऐवजी दोरांवर लक्ष केंद्रित केलं. बोट बांधणं हा माझा प्रांत. कालव्यात शेजारून दुसरी बोट गेली की ढिल्या दोराची बोट दारुड्यासारखी झुलते, काठावर आपटते, आतल्याचा चहा सांडतो. माझी 'स्टेडफास्ट' केसभर हलत नाही. माझ्या दोरावर टिचकी मारली तर सूर निघतो. आणि माझी गाठ! बारा वर्षांत एकदाही आपणहून सुटलेली नाही.

विल्फच्या बोटीचे दोर अगदीच कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे होते. जाता जाता घट्ट करून दिले. तो आतून बाहेर आला, म्हणाला, उपकार झाले सेड्रिक. मग ट्रेंटमध्येही तू असेच बांधतोस का? मी म्हणालो, ट्रेंटमध्ये तर दुप्पट घट्ट, वाहतं पाणी आहे. तो म्हणाला, हं.

शिकतोय बिचारा.

२० एप्रिल, ईस्टर

नांगर आणला. ट्रेंटमध्ये नांगराशिवाय सोडत नाहीत. बोटीच्या पुढच्या टोकाला ठेवायचा असतो, पण तिथे माझ्या जिरेनियमच्या कुंड्या आहेत. म्हणून बोटीतल्या पलंगाखाली.

रात्री ऑड्रीच्या पायाचा अंगठा त्याच्यावर आदळला. नदीत जाऊन बुडण्यापेक्षा घरी झोपेत मेलेलं बरं असं काहीतरी ती म्हणाली. कुंड्या हलवणार नाही. लीडरची बोट सुंदर दिसली पाहिजे.

११ मे, रविवार

टॉर्कसीच्या लॉकवाल्या डोरीनबाईंना फोन. त्यांना आधी कळवावं लागतं, त्याच निघायची वेळ देतात. आवाज दगडावर घासल्यासारखा. लिंकनशरच्या बायका ज्याला त्याला राजा म्हणतात, तसं त्यांनी सुरू केलं. राजा, आधी केलीय का ही नदी? मी म्हणालो, पूर्वी. कधी पूर्वी? मी म्हणालो, नदी काही बदललेली नाही. त्या म्हणाल्या, नदी नसेल बदलली राजा, तू बदलला असशील.

मग वेळ सांगितली. चौदा जून, सकाळी नऊ चाळीस. स्टॉकविथच्या लॉकपाशी दीडच्या आत पोचायचं, नंतर तिथे पाणी उरत नाही. लॉकच्या पुढे जायचं, नदीतच वळायचं, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि मग हळूच आत. मी सगळं लिहून घेतल्यासारखं हं हं म्हणालो. त्या म्हणाल्या, आणि राजा, वाटेत कुठे भिंतीला बांधलीस तर एक लक्षात— मी म्हणालो, बाई, भिंतीचं मला सांगू नका, भिंतीला बांधण्यात माझी हयात गेली. त्या म्हणाल्या, बरं बाबा. आणि फोन ठेवला.

माझा अधिकार आवाजातूनच जाणवतो.

१ जून, रविवार

क्लबमध्ये पूर्वतयारीची बैठक. सगळ्यांची एकच मागणी. सेड्रिक, ती भिंत दाखव. जिथे बसून तू बिअर प्यायलास ती! मी म्हणालो, वेळ कमी आहे. ते म्हणाले, तुझ्याच गोष्टीत तू तासभर बसला होतास, आम्हालाही तासभर चालेल.

(गोष्टीत तास कधी झाला? माझ्या आठवणीप्रमाणे गेल्या नाताळात.)

विल्फ म्हणाला, गेन्सबरोला तरंगता धक्का आहे, पाण्याबरोबर वरखाली होतो, तिथेच पाचही बोटी लावू, काही त्रास नाही. मी म्हणालो, तुम्ही चौघे तिथे लावा. लीडर भिंतीला लावेल. टाळ्या. विल्फने टाळी वाजवली नाही. नंतर दाराशी गाठून हळू आवाजात म्हणाला, सेड्रिक, दोर ढिले ठेवशील ना? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, विल्फ, बसला हँडब्रेक लावताना ढिला लावायचास का?

तो मान हलवत निघून गेला. पटलं त्याला.

१३ जून, शुक्रवार. टॉर्कसी

पाचही बोटी लॉकच्या आत कालव्यात रांगेत. माझी पुढे. संध्याकाळी काठावर पोर्क पाय (डुकराच्या मांसाची मोठी कचोरी), मनुकांचा पाव आणि माझं छोटं भाषण (चाळीस मिनिटं). भाषणभर विल्फ खाली मान घालून एक जुना दोर विणत बसला होता. उद्धटपणा.

कान तिखट असल्याने दोन बोटींपलीकडचं बोलणं ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, विल्फ, तू सांगून का टाकत नाहीस? आणि विल्फ म्हणाला, एवढी छान गोष्ट सांगतो रे तो, मोडवत नाही.

बघा. प्रतिस्पर्ध्यालाही गोष्ट आवडते.

झोपण्याआधी ऑड्री पलंगावर बसली. आज चेष्टेत नव्हती. म्हणाली, सेड्रिक, विल्फला बाजूला घे आणि सांग की तू ही नदी कधी केलेली नाहीस. तो पुढे राहील, तू मागून ये. कुणी मारणार नाही तुला. मी म्हणालो, मग कमोडोर? ती म्हणाली, मग दुसरा कुणी कमोडोर. मी म्हणालो, बारा वर्षं सांगितलेलं एका रात्रीत परत कसं घेऊ? माझ्याकडून घेतलेला गालिचा परत करायला आलेल्या माणसाला मी काय म्हणायचो? ती म्हणाली, कापलेला माल परत घेत नाही. मी म्हणालो, झालं तर.

ती दिवा मालवून म्हणाली, ब्रेड कापायची सुरी वरच्या खणात ठेवलीय, लागली तर.

उद्या सकाळी लागणार कशाला? टोस्टला कापलेला ब्रेड आहे.

१४ जून, शनिवार

सकाळी ७.१०. दाढी करताना विचार केला, सांगून टाकावं विल्फला. बाहेर आलो. विल्फ समोरच होता. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, गुड मॉर्निंग लीडर. तोंड मिटलं.

९.४०. डोरीनबाईंनी दरवाजे उघडले. एवढासा जीव, हातात चहाचा बादलीएवढा मग. माझ्या कुंड्यांकडे बघून म्हणाल्या, राजा, नांगर कुठेय? मी म्हणालो, हाताशी. त्या म्हणाल्या, कुणाच्या हाताशी?

१०.०५. ट्रेंट. काय वेग! कालव्यात आमच्याशेजारून कुत्रं फिरवणारी म्हातारी पुढे निघून जाते. इथे झाडंच्या झाडं मागे पळतायत. मी काहीच करत नाहीये आणि सगळं उत्तम चाललंय. धंद्यातही हेच तत्त्व.

१०.५०. ऑड्री म्हणाली, तुला थरथरायला होतंय. मी म्हणालो, इंजिनाची थरथर आहे. ती म्हणाली, हनुवटीत इंजिन कधीपासून?

११.२०. गेन्सबरो! पूल, भिंत, सगळं जसंच्या तसं. चौघे पलीकडच्या तरंगत्या धक्क्याला लागले. मी भिंतीकडे वळवली, फक्त दोनदा आपटलो. भिंतीत लोखंडी कड्या आहेत, अगदी वर, हाताला येतील अशा. पुढून बांधली, मागून बांधली. आयुष्यातली सर्वोत्तम बांधणी. केसभर सैल नाही. दोरावर टिचकी मारली. सूर निघाला.

११.३०. टपावर बसलो. ऑड्रीने पेला दिला. पलीकडून टाळ्या, शिट्ट्या, फोटो. मी पेला उंचावला. बारा वर्षं मी जे सांगतोय ते या क्षणी पूर्णपणे खरं झालं. डोळ्यांत पाणी आलं. विल्फ एकटा उभा होता, दोन्ही हातांनी काहीतरी सोडून दिल्यासारख्या खुणा करत. मी पण हात हलवला.

११.५०. विलक्षण प्रकार. पलीकडच्या चारही बोटी बुडतायत! सावकाश, एकसारख्या. मघाशी त्यांचे टप माझ्या टपाच्या पातळीला होते, आता खाली गेलेत. धक्का पण बुडतोय. आणि ही मंडळी निवांत सँडविच खातायत! मी उभा राहून ओरडलो, तुम्ही बुडताय! पाणी उपसा! ते सगळे माझ्याकडे बोट दाखवून ओरडू लागले. घाबरले असावेत.

११.५५. ऑड्री आतून म्हणाली, बटाटे चालायला लागलेत.

११.५८. ते बुडत नाहीयेत.

१२.०५. नदी खाली चाललीय आणि आम्ही चाललो नाही. अठरा टनांची बोट माझ्या दोन गाठींवर भिंतीला लटकलीय, बैठकीच्या खोलीत लावलेल्या चित्रासारखी, पण तिरकी. भिंतीकडची बाजू वर, नदीकडची खाली. गाठ सोडायला गेलो. सुटत नाही. माझी गाठ आपणहून सुटत नाही हे बारा वर्षं सांगत होतो. आता मुद्दाम सोडली तरी सुटत नाही.

विल्फ पलीकडून ओरडतोय, काप! पुढचा मागचा एकदम काप! मी ओरडलो, नवे दोर आहेत! तो म्हणाला, बायको पण नवी आणायचीय का?

१२.१०. ऑड्री मागच्या टोकाला, ब्रेडची सुरी घेऊन. मी पुढे, पोर्क पाय कापायची सुरी घेऊन. तीनला एकदम, असं ठरलं. तिने तीनला कापला. पोर्क पायची सुरी दोरासाठी बनवलेली नसते.

१२.११. मागचं टोक धबकन् खाली. पुढचं वरच. आतून आवाज : सासूबाईंचा टी-सेट, चोवीस कप, एकापाठोपाठ एक. मग माझाही दोर तुटला. जिरेनियमच्या सगळ्या कुंड्या ट्रेंटमध्ये. पेला माझ्या हातातच होता, पण बिअर अंगावर.

१२.१५. लगेच इंजिन सुरू केलं. परिस्थिती पूर्ण ताब्यात. तेवढ्यात मागच्या कापलेल्या दोराचं शेपूट बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गेलं आणि इंजिन खोकून बंद पडलं. बोट भिंतीखालच्या गाळावर टेकली.

१२.२५. पलीकडून विल्फ म्हणाला, मी येतो ओढायला. वळायला त्याला दहा मिनिटं, मला बांधायला दहा, आणि तिकडे स्टॉकविथला दीडनंतर पाणी नाही. पाचही बोटी अडकल्या असत्या. मी ओरडलो, तुम्ही पुढे जा! तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, विल्फ, घे तू ताफा. मला रस्ता माहीत नाही.

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं गेलं, मला सांगता येणार नाही. वारा होता. ऐकू गेलं नसावं. पण ऑड्री माझ्याकडे अशी बघत होती की तिला तरी गेलं.

१२.३५. चार बोटी वळणाआड गेल्या. विल्फने तीनदा भोंगा वाजवला. ऑड्री म्हणाली, तुला सलामी दिली त्याने. मी म्हणालो, पुलाखाली वाजवावाच लागतो.

३.००. मागच्या झाकणातून पंख्यापर्यंत हात घालून, पोटावर पडून, दोर कापतोय. अडीच तास. खालचं पाणी केव्हाच गेलं. 'स्टेडफास्ट' चिखलात बसलीय, एका अंगावर, म्हशीसारखी. काठावर गर्दी. एक बाई म्हणाली, हे असंच ठेवायचं असतं का? दुसरी म्हणाली, नाही गं, प्रदर्शन असेल.

४.३०. बाकावर एक म्हातारा चिप्स खात बसलाय. म्हणाला, पूर्वी इथल्या गिरणीत होतो, जेवणाच्या सुट्टीत याच भिंतीवर बसायचो. एवढ्या वर्षांत अशा लटकलेल्या चार बघितल्या, तू चौथा. मी दोर कापत राहिलो. म्हातारा म्हणाला, पहिला मात्र ऐटबाज होता हं. दाढीवाला पोरगा. हातात बिअर होती. बोट आडवी झाली तरी त्याने थेंब सांडू दिला नाही.

मी हे ऐकलं नाही असं दाखवलं.

५.१५. ऑड्री तिरक्या स्वयंपाकघरातून दोन बटाटे घेऊन आली. चिखल पुसून, मीठ लावून. आम्ही कलत्या टपावर पाय रोवून बसलो. तिने विचारलं, एकूण किती वेळ बघत होतास तू पुलावरून? मी म्हणालो, अकरा मिनिटं. ती म्हणाली, अजून अर्धा तास थांबला असतास तर माझे कप वाचले असते.

६.५५. पाणी आलं. पुस्तकात होतं तसंच असावं. बोट हलली, सरळ झाली, तरंगली. इंजिन सुरू! सरळ स्टॉकविथ. निवड साडेआठला आहे. अजूनही पोचू शकतो.

७.१५. इंजिन पूर्ण जोरात, तोंड स्टॉकविथकडे. पण बाकावरचा म्हातारा हळूहळू पुढे चाललाय, बाकासकट. ऑड्री म्हणाली, आपण मागे चाललोय सेड्रिक. समुद्र आत येतोय. मी म्हणालो, इंजिन नमतं घेणार नाही. ती म्हणाली, ते नाही घेणार, तू घे.

७.२०. ताफ्याच्या व्यापक हिताचा विचार करून बोट वळवली.

८.४०. टॉर्कसी. डोरीनबाई लॉकवर, हातात तोच चहाचा मग. म्हणाल्या, काय राजा, काही विसरलास की काय? मी म्हणालो, पाहणी करून आलो. त्यांनी बोटीवरचा चिखल पाहिला. तो कुठवर आलाय ते पाहिलं. कापलेल्या दोरांची टोकं पाहिली. म्हणाल्या, मी फोनवर हेच सांगत होते. आणि मग बाईंनी स्वतःच्या हाताने आमची बोट बांधली. सैल.

१५ जून, रविवार

स्टॉकविथहून फोन. चारही बोटी सुखरूप. कमोडोर : विल्फ टॅपलिन, एकमताने. माझं मत कुणी विचारलं नाही, पण मी त्यालाच दिलं असतं असं आता ठरवलंय. माणसं घडवणं हे लीडरचं खरं काम. विल्फला पुढे जायचा हुकूम कुणी दिला?

मी हे ऑड्रीला वाचून दाखवणार होतो. ती कपांचे तुकडे मोजत होती. नाही दाखवलं.

२ ऑगस्ट, शनिवार

शुक्रवारी क्लबला गेलो नाही. सलग सातवा. पाठ.

२३ ऑगस्ट, शनिवार

विल्फ घरी आला. कमोडोरची टोपी न घालता. माझ्यासाठी दोन दोर विणून आणलेत, एका टोकाला मोठा फास, ओढला की क्षणात सुटेल असा. लांबच लांब. मी म्हणालो, एवढे लांब कशाला? तो म्हणाला, भिंतीसाठी. चहा प्यायला आणि गेला. जाता जाता म्हणाला, शुक्रवारी ये रे. तुझ्याशिवाय तिथे सगळे खरंच बोलतात. फार कंटाळा येतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल वार्षिक सभा. ऑड्रीने ओढून नेलं. 'वाकडी किल्ली' कुणाला, यावर मतदान झालंच नाही. सगळे नुसते उभे राहिले.

कमोडोर विल्फने फळी हातात दिली. जड आहे. कुणीतरी यंदा पट्ट्या घासून लखलखीत केल्या होत्या. शेवटच्या पट्टीवर माझं नाव, स्थळ गेन्सबरो. मग नजर वर चढत गेली. पुलाच्या खांबावर आपटलेले, लॉकमध्ये अडकलेले, वाळूवर रात्र काढलेले. क्लबातली सगळी शहाणी माणसं तिथे होती. सगळ्यात वरची, पहिली पट्टी :

१९७६. डब्ल्यू. टॅपलिन. गेन्सबरोची भिंत.

मी विल्फकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वीची दाढी नव्हती, पण हनुवटीवर तिची जागा मला स्पष्ट दिसली. बारा वर्षं दर शुक्रवारी मी त्याची गोष्ट त्यालाच सांगत होतो, आणि तो माझ्यासमोर बसून बिअर पीत ऐकत होता.

मी विचारलं, तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, तुझ्या गोष्टीत मी कधी लटकलोच नाही सेड्रिक. मला तीच आवडायची.

मी त्याला चिप्सवाल्या म्हाताऱ्याने सांगितलेलं सांगितलं. तो म्हणाला, फक्त एक दुरुस्ती. बिअर मीही सांडली होती. त्या म्हाताऱ्याला भिंतीवरून दिसली नसेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

फळी शेकोटीवर लावली. नावांची बाजू भिंतीकडे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑड्रीने फिरवून ठेवली. पॉलिश पण केली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लब. नवीन एक जोडपं आलंय, नवी बोट, प्रश्न पुष्कळ. त्यांनी विचारलं, ट्रेंट कुणी केलीय का? सगळा बार माझ्याकडे बघायला लागला. विल्फ पेल्याआडून. जिभेवर चारदा, सहादा, दहादा असे तीन आकडे येऊन गेले. सगळे गिळले. मी म्हणालो, मी केलीय. एकदा.

ऑड्री मागून म्हणाली, अर्धी.